पहिली गाडी म्हणून जुनी स्प्लेंडर: कागदांपासून कार्बोरेटरपर्यंत कामाचा क्रम

जुनी मोटरसायकल घेणारे बहुतेक जण कामाला उलट्या टोकाकडून हात घालतात. गाडी डोळ्यांत भरली की पैसे देऊन मोकळे होतात. मग रंग होतो, सीट कव्हर येतं, गॅरेजवाला इंजिन उघडतो, आणि ब्रेक-टायरची पाळी येईपर्यंत खिसा रिकामा झालेला असतो. आरसी (गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र) नावावर करायची राहिली आहे, हे नाक्यावर पोलिसांनी अडवल्यावर आठवतं. खालचे टप्पे म्हणूनच एका ठरावीक क्रमाने दिले आहेत: आधी कागद, मग गाडी थांबवणारे भाग, मग चेन आणि वायरिंग, मग पेट्रोल, त्यानंतर इंजिन. रंग सगळ्यात शेवटी.

उदाहरण म्हणून कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग म्हणजे कार्बोरेटर), किकवाली हिरो होंडा स्प्लेंडर घेतली आहे. ९७.२ सीसीचं इंजिन, पुढे-मागे ड्रम ब्रेक, आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारे पार्ट. पहिल्यांदाच पाना हातात धरणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण. पॅशन किंवा सीडी डिलक्स असेल तरी बरंचसं हेच लागू पडेल. बॉक्सर किंवा सीटी १०० असेल तर क्रम हाच ठेवा, मापं मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधली घ्या.

## तयारी: पैसे, हत्यारं, जागा

हातात जेवढे पैसे आहेत त्यांचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी बसली पाहिजे. तिसरा भाग टायर-ट्यूब, ब्रेक शू (ड्रमच्या आत घासणारे ब्रेकचे तुकडे), चेनसेट (चेन आणि तिची दोन दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट), बॅटरी, केबल आणि आरटीओचा खर्च यांसाठी बाजूला ठेवा. "गाडीत एक रुपयाचं काम नाही" असं विकणारा कितीही छातीठोकपणे सांगो, दहा-पंधरा वर्षांच्या गाडीला हा तिसरा भाग लागतोच.

हत्यारं: ८ पासून १९ नंबरपर्यंतचे रिंग आणि ओपन पाने, १६ मिमीचा प्लग पाना, चांगल्या टोकाचे फुली आणि सपाट स्क्रू ड्रायव्हर, नोजप्लायर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), साधा मल्टिमीटर, हवेचं प्रेशर मोजायचा गेज, ऑइल काढायला पसरट टब. क्रँककेसचे (इंजिनाच्या खालच्या कवचाचे) आणि कार्बोरेटरचे फुली स्क्रू फार घट्ट बसलेले असतात. स्वस्त ड्रायव्हरने त्यांची डोकी गोल होतात आणि पुढे ते छिन्नीने काढावे लागतात. हत्यारांत एकाच ठिकाणी जास्त पैसे घालायचे झाले तर ड्रायव्हरवर घाला.

गाडी मेन स्टँडवर सपाट उभी राहील अशी फरशी हवी. स्वयंपाकघराला लागून, देवघराजवळ किंवा गॅस गिझरच्या आसपास पेट्रोलचं काम करू नका.

## टप्पा १: गाडी बघण्याआधी कागद

विकणाऱ्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि घरी बसून एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा. मालकाचं नाव (काही अक्षरं झाकलेली), नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. प्रलंबित दंड महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर कळतो. त्यासाठी चेसिस (गाडीचा सांगाडा) किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक लागतात. ते द्यायला विकणारा का-कू करत असेल, तर ती गाडी तिथेच सोडा.

पुढच्या गोष्टी एकेक करून बघा:

- समोर उभा असलेला माणूस आरसीवरचा मालक आहे का? "मालक माझा मेव्हणा आहे, सह्या आणून देतो" हे चालणार नाही. मालक स्वतः हवा.
- मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ लागतो. हे काम वारसांनी करायचं आहे, तुम्ही नाही.
- आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर कंपनीची एनओसी (ना हरकत दाखला) आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हवा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा आपोआप उतरत नाही.
- गाडीला १५ वर्षं झाली आहेत का? खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. उशीर झाला की जादा शुल्क चढत जातं. मुदत संपलेली गाडी घेत असाल तर नूतनीकरण विकणाऱ्याने करून द्यावं, नाहीतर तो सगळा खर्च किमतीतून वजा व्हावा.
- १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाडीला महाराष्ट्रात एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट लागते. ती बसवलेली नसेल तर हस्तांतरणाचं काम अडतं. गाडी विकणाऱ्याच्या नावावर असतानाच प्लेट बसवून घ्या.
- गोव्याची किंवा कर्नाटकातली गाडी स्वस्त वाटते, विशेषतः सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरकडे. तिला तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे नवी नोंदणी आणि इथला कर लागतो. पहिल्या गाडीसाठी हा व्याप नको.

इशारा: सह्या केलेले कोरे फॉर्म गाडीबरोबर हातोहात फिरत आले असतील, तर त्या गाडीचा खरा मालक मध्ये दोन-तीन माणसं सोडून आहे. अशा गाडीचा अपघात झाला तर जबाबदारी कागदावरच्या मालकाकडे जाते, म्हणून तो माणूस कधीही तक्रार करून गाडी अडवू शकतो.

## टप्पा २: थंड इंजिन, दिवसाउजेडी

भेटायला जायच्या आधी सांगून ठेवा: "गाडी चालू करून ठेवू नका." गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाच्या पाकळ्यांवर हात ठेवा. गरम लागल्या तर चहा घ्या, तासभर थांबा. गरम इंजिन सहज चालू होतं. थंड असतानाचा किकचा त्रास, सुरुवातीचा धूर आणि टायमिंग चेनचा (इंजिनाच्या आतल्या चेनचा) आवाज मात्र त्यात झाकून जातात.

आरसीवरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंक न अंक जुळवा. चेसिस नंबर हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसवर. आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेल्डिंग किंवा अक्षरांत फरक दिसला तर व्यवहार थांबवा.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन हे बघा:

चेसिस. मान, सीटखालचा सांधा आणि मेन स्टँडची जागा टॉर्च लावून बघा. नवं वेल्डिंग, तडा, किंवा फक्त तेवढ्याच भागाला दिलेला काळा रंग शोधा. समोरून दहा पावलांवर उभं राहून पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आहेत का ते पाहा.

हँडल. कोणाला तरी मागे बसवून वजन द्यायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल अगदी हळू फिरवा. मधोमध आल्यावर "खट्" करून अडकल्यासारखं झालं तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेला आहे. दुरुस्ती महाग नाही, पण तसं हँडल रस्त्यावर गाडीला डुलवतं.

फोर्क आणि चाकं. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळ्यांवर तेलाची ओल म्हणजे ऑइल सील गेलं. चाक आडवं हलवून बेअरिंगची ढील बघा. मागचं चाक तसंच हलवताना स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा) हलला तर त्याचे बुश गेले आहेत.

टाकी. झाकण उघडून आत बघा. तांबूस थर किंवा पत्री (गंजाचे पापुद्रे) असेल तर कार्बोरेटरचं काम आलंच.

पुराची गाडी. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड इथे पाण्याखाली गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. बाहेरून त्या लख्ख असतात. हेडलाइटच्या काचेच्या आत, साइड कव्हरच्या मागे, वायरिंगच्या सॉकेटमध्ये बारीक गाळ राहतो. ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलेलं आहे. किनारपट्टीवरच्या गाडीत गाळ नसतो, खारा गंज असतो: सायलेन्सरची खालची बाजू, रिमच्या तारांची टोकं, सीटखालचा पत्रा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटरची केबल पुढच्या चाकातून जाते. ती तुटली की आकडा वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. ब्रेकच्या पायटीचं रबर, फूटरेस्ट आणि किकचं रबर किती घासलंय त्यावरून वापर कळतो.

## टप्पा ३: चालू करून ऐकणं आणि चालवणं

चोक लावून किक मारा. चांगल्या गाडीला दोन-चार किका पुरतात. किकला दाब लागलाच पाहिजे. पाय सरळ खाली गेला तर कॉम्प्रेशन कमी आहे, म्हणजे "हाफ इंजिन" काम: बोअर, पिस्टन, रिंगा, कदाचित वॉल्व्ह.

धूर असा ओळखा. चालू करताना निळा धूर येऊन लगेच थांबला तर वॉल्व्हचं सील. रेस केल्यावर सतत निळा धूर आला तर रिंगा किंवा बोअर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर. हिवाळ्यात सकाळी थोडी पांढरी वाफ येणं नेहमीचं.

आवाजांत वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधल्या फटीची), तिची काळजी नको. खरखर टायमिंग चेनची, तिचा खर्च किमतीत धरा. खालून येणारी जड ठकठक कनेक्टिंग रॉडची असते, ती ऐकली की परत फिरा. पहिल्या गाडीत क्रँकचं काम अंगावर घेऊ नका.

चालवून बघताना शिकाऊ परवानाही नसेल तर स्वतः बसू नका, परवाना असलेल्या जाणत्या माणसाला चालवू द्या. त्याने चढावर वरच्या गिअरमध्ये रेस करून बघावं: इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट गेल्या. सरळ, रिकाम्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का आणि गिअर आपोआप सुटतो का, हेही त्याने पाहावं.

तपासणी: जड ठकठक नाही, नंबर जुळतात, चेसिसला वेल्डिंग नाही, मालक समोर आहे. या चारही गोष्टी "हो" असतील तरच भावाची बोलणी करा. बाकीचं सगळं दुरुस्त होतं.

## टप्पा ४: व्यवहार आणि नाव बदलणं

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० हे हस्तांतरणाचे मुख्य कागद. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरला जातो आणि विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून त्याचा चालू नंबर नोंदवलेला आहे का ते आधी बघून घ्या. जमलं तर दोघांनी शेजारी बसून त्याच दिवशी अर्ज भरा. पूर्ण रक्कम त्याच वेळी द्या, बँकेतून किंवा यूपीआयने. त्याआधी फक्त छोटं टोकन.

ताबा घेताना एका कागदावर तारीख, वेळ, मीटरचा आकडा, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. वेळ लिहिणं महत्त्वाचं. त्या मिनिटाच्या आधीची चलानं त्याची, नंतरची तुमची.

कायद्याने खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतरणासाठी आरटीओला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करा. विमा संपलेला असेल तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून आणा, चालवत नको.

## टप्पा ५: गाडी घरी आली, आता चालवू नका

"आठवडाभर वापरून बघू, मग काय लागेल ते करू" असं वाटणं साहजिक आहे, पण नेमके हेच दिवस सर्वांत धोक्याचे असतात. गाडी नवी, हात नवा आणि ब्रेक कोणाच्या तरी दहा वर्षांपूर्वीच्या मेहनतीवर चालतोय. आधी ती धुवा. डिझेल आणि ब्रशने इंजिनाखालची व चेनजवळची काजळी काढा, मग साबण-पाणी. प्रेशरच्या पाण्याची धार हेडलाइट, स्विच आणि चाकांच्या बेअरिंगवर धरू नका. स्वच्छ गाडीवर गळती कुठून होते ते दुसऱ्या दिवशी दिसतं.

पार्टची यादी आताच करा. ब्रेक शू, केबल, चेनसेट आणि क्लच प्लेट अधिकृत पार्टच्या दुकानातूनच घ्या. साइड कव्हर, आरसे, इंडिकेटर साधे घेतले तरी बिघडत नाही.

## टप्पा ६: ब्रेक, टायर, कोनसेट

ड्रमच्या बाहेर ब्रेकच्या दांडीजवळ एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो पॅनलवरच्या खुणेला टेकला की शू संपले. पण जुन्या गाडीत बाण बरोबर असला तरी चाक काढून आत बघाच. शू झिजलेले नसतात, तर चकचकीत, काचेसारखे झालेले असतात. त्यामुळे ब्रेक लागतो पण गाडी थांबत नाही.

१. चाक काढण्याआधी केबल, स्पेसर आणि मीटरच्या गिअरची जागा मोबाइलवर टिपा.
२. ड्रममधली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.
३. नवे शू घाला, स्प्रिंगाही नव्या घ्या. ब्रेक कॅमचा दांडा बाहेर काढून साफ करा, नखाएवढं ग्रीस लावा. दांडा जाम असेल तर शू नवे घालूनही ब्रेक अर्धवट लागतो किंवा सुटत नाही. हा कॅम साफ करायचा बहुतेक जण विसरतात.
४. पुढचं चाक बसवताना ब्रेक पॅनलची खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसली आहे का ते डोळ्यांनी बघा. खाच चुकली तर पहिल्याच जोरदार ब्रेकला पॅनल फिरेल, चाक जाम होईल आणि गाडी पडेल.
५. मागच्या पॅनलची टॉर्क पट्टी, तिचा नट आणि स्प्लिट पिन परत लावा. जुनी पिन परत वापरू नका.
६. पुढच्या ब्रेकचा लिव्हर आणि मागची पायटी, दोन्हींना २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूच्या रबरात बारीक भेगा असतील तर टायर बदला. टायरबरोबर ट्यूब आणि रिमवरची रबरी पट्टीही नवी. हवा पुढे २५ पीएसआय, एकट्यासाठी मागे २८. मागे कोणी बसणार असेल तर स्टिकरवर दिलेल्या आकड्यापर्यंत वाढवा. नवा टायर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, वळणांवर सांभाळून.

कोनसेट गेला असेल तर तो गॅरेजमध्ये बदलून घ्या. वरचा नट किती आवळायचा याचा अंदाज हाताला सवयीनेच येतो. जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि नवा सेट काही महिन्यांत खाचतो.

तपासणी: मेन स्टँडवर दोन्ही चाकं हाताने फिरवा. घासल्याचा आवाज येतो पण चाक दोन-तीन फेरे सहज घेतं, हे बरोबर. मग गाडी ढकलत चालवा आणि एकेक ब्रेक लावून बघा.

## टप्पा ७: चेन

मागच्या स्प्रॉकेटवर चेन मधोमध बोटाने ओढा. दातावरून अर्ध्याहून जास्त उचलली गेली तर चेनसेट गेला. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. फक्त चेन बदलली तर जुने दात तिला काही महिन्यांत खाऊन टाकतात. दात जुन्या स्प्रॉकेटइतकेच मोजून घ्या.

चेन लॉकची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला. उलटी लावलेली क्लिप एखाद्या दगडाला लागून सुटते. ढील २५ मिमीच्या आसपास ठेवा. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि सर्वांत ताठ जागा धरून ढील ठरवा. दोन्ही बाजूंच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत.

## टप्पा ८: वायरिंग आणि बॅटरी

जुन्या किकवाल्या स्प्लेंडरचं इंजिन बॅटरी नसली तरी चालू होतं. म्हणून कित्येक मालक मेलेल्या बॅटरीवर वर्षं काढतात आणि हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट गमावतात. हेडलाइट थेट मॅग्नेटवरून (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चक्रावरून) चालतो. रेसबरोबर तो कमी-जास्त होणं हा बिघाड नाही.

मल्टिमीटर बॅटरीवर लावा. बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या वर हवं. रेस केल्यावर आकडा १४ च्या आसपास जायला हवा. हललाच नाही तर चार्जिंग कॉइल किंवा रेग्युलेटर बघायचा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब आहे. तो आधी बदला, मग नवी बॅटरी घाला, नाहीतर नवीही उकळून जाईल.

प्रत्येक सॉकेट उघडून हिरवा गंज साफ करा. टेपने जोडलेल्या जादा हॉर्नच्या किंवा एलईडीच्या वायरी मुळापासून काढून टाका. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळलेली दिसली तर गाडी चालू करण्याआधी योग्य अँपिअरचा फ्यूज घाला. ब्रेक लाइट पायानेही आणि हातानेही लागतो का ते स्वतंत्रपणे बघा.

## टप्पा ९: पेट्रोल, टाकी, कार्बोरेटर

"गाडी गरम झाली की बंद पडते", "अ‍ॅव्हरेज देत नाही", "रेस सोडली की मरते". या तक्रारींवर सर्रास इंजिन उघडलं जातं. मूळ दोष बहुतेक वेळा टाकीपासून प्लगपर्यंतच्या वाटेवर असतो, आणि ही वाट घरी साफ होते. म्हणून इथे वेळ द्या.

टाकी काढून जुनं पेट्रोल ओतून टाका. आत हलका गंज असेल तर कॉक (पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) काढून तोंड बंद करा, टाकीत पांढरा व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा. नंतर ओता, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच थोडं पेट्रोल फिरवा. वाळवून नुसती ठेवली तर संध्याकाळपर्यंत परत तांबूस होते. पत्री सुटत असेल किंवा टाकीला भोक असेल तर टाकी बदला.

कॉकची जाळी साफ करा. पेट्रोलचा पाइप नवा, इथेनॉल सोसणारा घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं, आणि उभ्या गाडीत ओलावा ओढून टाकी गंजवतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी (खालची, पेट्रोल साठणारी) रिकामी करून ठेवा.

झाकणातलं हवेचं भोक तपासा. ते बुजलेलं असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं धावून बंद पडते, झाकण उघडल्यावर "फुस्स" होतं आणि परत चालू होते. सुईच्या टोकाएवढ्या या भोकापायी लोकांनी कार्बोरेटर बदलले आहेत.

कार्बोरेटर:

१. कॉक बंद करून वाटीचा खालचा स्क्रू उघडा, पेट्रोल बाटलीत घ्या.
२. उघडताना पायरी-पायरीने फोटो काढा. स्लाइडमधल्या सुईची क्लिप कितव्या खाचेत आहे ते लिहून ठेवा.
३. पायलट स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) काढण्याआधी तो हळूच आत फिरवून किती फेऱ्यांत बसतो ते मोजा. हा आकडा लिहिल्याशिवाय स्क्रू काढू नका. बसवताना टेकला की थांबा, आवळलात तर त्याचं टोक आणि जागा दोन्ही खराब होतात.
४. जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोकाची पितळी नळी) काढून कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून आरपार बघा. तार किंवा पिन घालू नका. भोक केसाएवढं वाढलं तरी मिश्रण बिघडतं.
५. क्लीनर मारण्याआधी फ्लोट आणि रबरी भाग बाजूला काढा. फ्लोट हलवून आत पेट्रोल वाजतंय का बघा.
६. वाटीची ओ-रिंग आणि कार्बोरेटर-इंजिनामधली ओ-रिंग नवी. मधली ओ-रिंग हवा ओढत असेल तर रेस सोडली तरी इंजिन भणभणत राहतं, आणि माणूस उगाच स्क्रू फिरवत बसतो.

एअर फिल्टर फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, हलकं ऑइल लावून पिळून बसवा. कागदी असेल तर बदला.

स्लो सेटिंग शेवटी, इंजिन दहा मिनिटं चालल्यावर. कंपनीचा आकडा मिनिटाला १४०० फेरे, शंभर इकडे-तिकडे. पायलट स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर ठेवून, पाव-पाव फेरी फिरवत इंजिन सर्वांत सुरळीत चालेल ती जागा शोधा.

## टप्पा १०: ऑइल, प्लग, टॅपेट

या इंजिनात क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो. १०डब्ल्यू-३० चं, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं मोटरसायकलचंच ऑइल घ्या. कारच्या ऑइलने क्लच घसरू लागतो.

इंजिन थोडं गरम करून जुनं ऑइल काढा. त्यात चकचकीत बारीक चुरा जुन्या इंजिनात थोडा असतो, पण धातूचे तुकडे दिसले तर थांबा आणि जाणत्या फिटरला दाखवा. ड्रेन बोल्टचं वॉशर नवं लावा. बोल्ट बेताने आवळा. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची आहे, आटे गेले की दुरुस्ती ऑइलपेक्षा कितीतरी महाग पडते. ९०० मिलीचा डबा आणा, पण सगळा एकदम ओतू नका. दांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी येईल इतकंच. मोजताना दांडी आट्यांत फिरवायची नाही, नुसती टेकवायची.

या गाडीत कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर आणि एक जाळी असते. नेहमीच्या सर्व्हिसला ते कोणी उघडत नाही, त्यामुळे जुन्या गाडीत तिथे काळ्या लोण्यासारखा गाळ बसलेला असतो. गॅरेजमध्ये हे एकदा करून घ्या, समोर उभं राहून, नव्या गॅस्केटसह. घासून काढलेल्या कव्हरवर जुनं गॅस्केट आणि वर शिलिकॉनचा थर हा उपाय नको, सुटलेला शिलिकॉन ऑइलच्या वाटेत अडकतो.

प्लग मॅन्युअलमधल्या नंबरचाच, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवा, पाना नंतर. पाच-दहा किलोमीटरनंतर काढून बघा: विटकरी-करडा रंग ठीक, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय, ओलं तेलकट म्हणजे ऑइल जळतंय.

टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी. मॅग्नेटवरची टी खूण जुळवा आणि दोन्ही रॉकर थोडे ढिले लागतात का बघा. लागत नसतील तर मॅग्नेट आणखी एक फेरी फिरवा. मग फीलर गेजने मॅन्युअलमधला गॅप लावा. आवाज पूर्ण बंद करण्याच्या नादात गॅप शून्य करू नका. वॉल्व्ह पुरता बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि वॉल्व्ह जळतो.

हे सगळं होऊनही ऑइल जळत असेल, तेव्हाच हाफ इंजिनचा विचार करा.

## टप्पा ११: रस्त्यावर, टप्प्याटप्प्याने

पहिल्या दिवशी घराजवळ, कमी वर्दळीत, ब्रेकचा सराव करत पाच-सात किलोमीटर. क्लच लिव्हरला १० ते २० मिमी चाल आहे ना, केबल हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जात नाही ना, हे निघण्याआधी बघा. हँडल वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर केबल चुकीच्या वाटेने गेली आहे. हेल्मेट आयएसआय खुणेचं, हनुवटीचा पट्टा लावलेलं.

५० किलोमीटरनंतर चाकांचे नट, इंजिनाचे माउंटिंग बोल्ट आणि सायलेन्सरचे नट पुन्हा तपासा. नव्या चेनची ढीलही, कारण सुरुवातीला ती पटकन वाढते. ब्रेक शू बसले की लिव्हरची चाल बदलते, ती परत लावा. ३०० ते ५०० किलोमीटरवर ऑइल एकदा बदलून टाका. नवं ऑइल जुना गाळ सोडवतं आणि लवकर काळं होतं. पीयूसी कार्बोरेटरचं सेटिंग झाल्यावर काढा, आधी काढलं तर नापास व्हायची शक्यता जास्त.

रंग आता. आरसीवर लिहिलेलाच रंग द्या. वेगळा हवा असेल तर आधी आरटीओत नोंद करावी लागते. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवू नका, त्याला दंड आहे, आणि कार्बोरेटरचं केलेलं सेटिंगही त्याने बिघडतं.